पाच दिवसांची पाटी
इंग्लंडमधल्या बारावीच्या मुलांना विद्यापीठात जाण्याआधी कॉम्प्युटर सायन्सची ओळख करून द्यायची, तर काय शिकवायचं आणि काय सोडायचं?

गेल्या गणपतीत आरती आटोपल्यावर हातात खिरापतीची वाटी घेऊन एक गृहस्थ माझ्याजवळ आले. मूळचे नाशिकचे, आता रेडिंगला स्थायिक, आयटीतले. मुलगी इथल्या शाळेच्या शेवटच्या वर्षात, आणि केंब्रिज-ऑक्सफर्डचे अर्ज ऑक्टोबरच्या मध्यात भरायचे, म्हणून घायकुतीला आलेले.

"ताई, हे काय गौडबंगाल आहे? केमिस्ट्रीची डिग्री करायची तर शाळेत केमिस्ट्री लागते. फिजिक्सला फिजिक्स लागतं. आणि कॉम्प्युटर सायन्सला मात्र शाळेत कॉम्प्युटर सायन्स नसलं तरी चालतं म्हणे! वर गणित पाहिजेच. मग हिने दोन वर्षं तो विषय घेऊन काय मिळवलं?"

मुलगी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "मावशी, मी बाबांना हेच सांगतेय, पण माझं ऐकतंय कोण?"

प्रश्न रास्त होता. मी इथल्या एका कॉलेजात हाच विषय शिकवते. दर जुलैत अशा मुलांसाठी पाच दिवसांचा वर्ग घ्यायचा असतो आणि त्याची आखणी करताना मलाही दरवर्षी हाच प्रश्न नव्याने पडतो. विद्यापीठाला जर शाळेतलं कॉम्प्युटर सायन्स नकोच असेल, तर विद्यापीठाआधीच्या पाच दिवसांत मी शिकवू तरी काय?

सिक्स्थ फॉर्म आणि तिसरा विषय

थोडी पार्श्वभूमी सांगते. इंग्लंडात माध्यमिक शाळेच्या इयत्तांना पूर्वी 'फॉर्म' म्हणत. पहिला फॉर्म, दुसरा फॉर्म असं करत शेवटचा सहावा, आणि तो दोन वर्षांचा. आता इयत्तांना 'इयर ट्वेल्व्ह' आणि 'इयर थर्टीन' म्हणतात, पण 'सिक्स्थ फॉर्म' हे नाव जिभेवर राहिलंच. वय सोळा ते अठरा, म्हणजे आपली अकरावी-बारावी. फरक एवढाच की इथे सहा-सात विषय नसतात. बहुतेक मुलं तीनच विषय घेतात आणि त्यांतच खोल शिरतात. त्या परीक्षांना 'ए-लेव्हल' म्हणतात. कॉम्प्युटर सायन्सच्या ए-लेव्हलला बहुतेकांचे दोन पेपर असतात, प्रत्येकी ४० टक्क्यांचे, आणि उरलेले २० टक्के स्वतः तयार केलेल्या प्रकल्पाचे.

हा विषय शाळाशाळांत एकसारखा रुजलेला नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. १९८१ साली बीबीसी मायक्रो नावाचा कॉम्प्युटर आला आणि ब्रिटनमधल्या शाळाशाळांत पोचला. तो सुरू केला की पडद्यावर एक लुकलुकता कर्सर. पुढे काय करायचं ते आज्ञा टाइप करून तुम्हीच सांगायचं. साहजिकच एक अख्खी पिढी खेळता खेळता प्रोग्रॅमिंग शिकली. मग माउस आला, चित्रं आली, आणि शाळेतला विषय 'आयसीटी' झाला. पत्र टाइप करा, तक्ता करा, स्लाइड सजवा. केंब्रिजला कॉम्प्युटर सायन्सचे अर्ज घटायला लागले, तेव्हा तिथल्या एबेन अप्टन यांच्या डोक्यात पत्त्याच्या आकाराचा स्वस्त कॉम्प्युटर आला. तोच २९ फेब्रुवारी २०१२ ला बाजारात आलेला रास्पबेरी पाय. त्याच वर्षी जानेवारीत रॉयल सोसायटीने शाळांतल्या या शिक्षणावर कडक अहवाल दिला, आणि सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या शाळांत पाचव्या वर्षापासून 'कॉम्प्युटिंग' हा विषय लागू झाला.

तरीही प्रत्येक शाळेला त्याचा ए-लेव्हलचा शिक्षक मिळत नाही. गावात तो विषयच नसेल तर हुशार मुलीचा अर्ज नाकारायचा का? म्हणून विद्यापीठं हा विषय मागत नाहीत. आपल्याकडेही फार वेगळं नाही. बारावीला 'बायफोकल' कॉम्प्युटर सायन्स घेऊन पोरं सी प्लस प्लस आणि १९७६ सालचा ८०८५ मायक्रोप्रोसेसर घोकतात. बरीचशी मार्कांसाठी. पण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना तो विषय होता का, असं कुणी विचारत नाही.

नाशिकच्या गृहस्थांना एवढं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे नाइलाज आहे म्हणून चालतं." अर्धं खरं. उरलेलं अर्धं त्या विषयाच्या स्वभावात आहे, आणि माझे पाच दिवस त्या अर्ध्यावरच खर्च होतात.

चोवीस मुलं, चोवीस तऱ्हा

वर्गात चोवीस जण असतात. त्यातला एखादा आठव्या वर्षापासून गेम लिहितोय. चार-पाच जणांनी कधी एक ओळही लिहिलेली नाही. गणित आवडतं म्हणून आलेली, किंवा शाळेत विषयच नव्हता म्हणून राहून गेलेली. मुली कमी. ए-लेव्हलच्या या विषयात अनेक वर्षं पाचांत एकही धड मुलगी नसते, त्यामुळे माझ्या वर्गात सहा-सात आल्या तरी मी खूश.

अशा वर्गात पहिल्याच तासाला सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं तर काय होतं, ते मी एका वर्षी करून पाहिलंय. आठव्या वर्षापासूनवाला दहा मिनिटांत संपवून इतरांच्या खांद्यावरून डोकावायला लागतो. ज्यांना येत नाही त्यांना वाटतं, आपल्यात काहीतरी कमी आहे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वर्गाचे दोन तट पडतात आणि ते शुक्रवारपर्यंत सांधत नाहीत.

म्हणून आता सोमवारी यंत्रं बंद. आणि ए-लेव्हलच्या अभ्यासक्रमातलं काहीही 'आधीच उरकून घेऊ' म्हणून शिकवायचं नाही, हा दुसरा नियम. त्याला शाळा आहे. वेब पेज नाही, ॲप नाही, रोबो नाही. पालकांना रोबो फार आवडतो, त्याचा फोटो छान येतो. पण त्याच्या तारा जोडण्यात दीड दिवस जातो.

सोमवार: पत्त्यांची जादू

टेबलावर पंचवीस पत्ते मांडायला सांगते. पाच रांगा, प्रत्येकीत पाच. काही सुलटे, काही पालथे, मनाला येईल तसे. मग मी म्हणते, "फारच सोपं झालं हे, थोडं अवघड करू," आणि प्रत्येक रांगेच्या शेवटी एकेक पत्ता लावते, खालीही एक जादा रांग घालते. छत्तीस पत्ते झाले. आता मी पाठ करून उभी राहते. कुणीतरी एकच पत्ता उलटा करायचा. मी वळते आणि तोच पत्ता उचलून दाखवते.

ही जादू न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या टिम बेल आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९०च्या दशकात 'अनप्लग्ड', म्हणजे वायर काढलेल्या, कॉम्प्युटर सायन्सच्या धड्यांमध्ये लोकप्रिय केली. तीनदा केली की मुलं चिडतात. चिडली की शिकायला तयार झाली.

गुपित त्या जादा पत्त्यांत आहे. प्रत्येक रांगेत आणि प्रत्येक उभ्या ओळीत पालथे पत्ते सम संख्येत येतील, असेच मी ते लावते. दोन, चार, किंवा एकही नाही. कुणी एक पत्ता उलटला की नेमकी एक आडवी रांग आणि एक उभी ओळ विषम होते. दोघी जिथे एकमेकींना छेदतात तिथे चोर.

मग कुणीतरी विचारतंच, "आणि दोन उलटले तर?" एकाच रांगेतले दोन उलटले तर ती रांग समच राहते, उभ्या ओळी दोन बिघडतात. म्हणजे काहीतरी घोटाळा आहे हे कळतं, कुठे आहे ते कळत नाही. इथे मी गप्प बसते. अर्धा तास मुलं पत्त्यांवर वाकलेली असतात आणि आठव्या वर्षापासूनवाल्याचा अनुभव इथे कवडीच्या कामाचा नसतो.

यंत्रं एकमेकांशी बोलताना चुका पकडतात त्या याच युक्तीच्या नातेवाइकांनी: मूळ मजकुराबरोबर थोडा जादा मजकूर पाठवायचा, ज्याचं काम फक्त राखणदारी. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा आकडा असाच राखणदार आहे. आधीच्या अकरा आकड्यांवरून तो काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना एक आकडा चुकला की हिशेब जुळत नाही.

मंगळवार: डबा आणि पाटी

मंगळवारी यंत्रं सुरू होतात, पण त्याआधी कागदावर तीन ओळी.

अ = १०
ब = २०
अ = ब

आता अ किती, ब किती? वाचकांनीही क्षणभर थांबून उत्तर ठरवावं. मुलांकडून येणारी उत्तरं पाहा. 'अ वीस, ब वीस.' 'अ वीस, ब शून्य.' 'अ वीस, ब दहा.' 'अ तीस, ब वीस.' आणि गणितात पक्का असलेला एखादा: 'हे चूक आहे, दहा आणि वीस समान कसे असतील?'

बरोबर उत्तर पहिलं. पण बाकीची उत्तरं मूर्खपणाची नाहीत. प्रत्येकामागे यंत्राचं एक चित्र आहे, फक्त ते चुकीचं. 'ब शून्य' म्हणणाऱ्याच्या डोक्यात डबे आहेत. ब नावाच्या डब्यातलं अ नावाच्या डब्यात ओतलं, मग ब रिकामा होणारच. 'तीस' म्हणणाऱ्याने आधीच्या दहात वीस भरले. 'ब दहा' म्हणणाऱ्याने अदलाबदल केली.

आणि यात दोष माझाही होता. कित्येक वर्षं मी शिकवत होते की व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा. पुस्तकांतही तेच असतं. स्वयंपाकघरातल्या डब्यातून दुसऱ्या डब्यात साखर ओतली की पहिल्यात साखर उरते का? मुलं माझीच उपमा प्रामाणिकपणे वापरत होती.

आता मी पाटी म्हणते. अ नावाची एक पाटी, ब नावाची दुसरी. 'अ = ब' म्हणजे ब पाटीवर काय लिहिलंय ते वाच, अ पाटी पुस, आणि वाचलेलं तिच्यावर लिही. वाचल्याने ब पाटीवरचं काही पुसलं जात नाही. पुसल्यावर अ वरचे दहा मात्र कायमचे गेले. एवढं दिसलं की दोन पाट्यांची अदलाबदल करायला तिसरी पाटी का लागते, हे मुलं स्वतःच सांगतात.

यासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून दगडी पाट्या आणल्या होत्या, बारा. सामानात तीन फुटल्या. उरलेल्या नऊ पाट्या आणि खडू पाहून इथल्या मुलांना भलतंच कौतुक. पडद्यावर प्रोग्रॅमची एकेक ओळ, आणि पाटी धरून उभं असलेलं एकेक पोर. ओळ आली की पुसायचं, लिहायचं. एका मुलाने मागे जाऊन आधीचा आकडा पाहायचा प्रयत्न केला. "पुसलास ना तू?" म्हटल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता.

डोक्यातल्या या चित्राला अभ्यासक 'नोशनल मशीन' म्हणतात, म्हणजे समजुतीतलं यंत्र. बेनेडिक्ट ड्यु बुले यांनी १९८०च्या दशकात हे दाखवून दिलं की नवशिक्यांच्या पुष्कळ अडचणी भाषेच्या व्याकरणात नसतात, या समजुतीतल्या यंत्रात असतात. त्याच काळात रॉय पी यांनी सगळ्या चुकांच्या आईला 'सुपरबग' हे नाव दिलं. यंत्राच्या आत कुणीतरी शहाणं बसलंय आणि आपल्याला काय म्हणायचंय ते ते समजून घेईल, ही ती समजूत. चॅटबॉटशी गप्पा मारणाऱ्या आजच्या मुलांना ही समजूत सोडवणं जड जातं, आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा?

या तीन ओळींवरून एक मोठं रामायणही घडलंय. लंडनच्या मिडलसेक्स विद्यापीठातल्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोर्नाट यांनी २००६ साली असा दावा केला की शिकवण्याआधीच असे प्रश्न विचारून कोण प्रोग्रॅमर होईल आणि कोण होणार नाही ते ओळखता येतं. दोन वशिंडांच्या उंटासारखे विद्यार्थ्यांचेही दोन गट, एक जमणारा आणि एक न जमणारा. लेख वाऱ्यासारखा पसरला. पुढे तो दावा टिकला नाही, आणि २०१४ मध्ये बोर्नाट यांनी तो जाहीरपणे मागे घेतला. दावा जितक्यांपर्यंत पोचला तितक्यांपर्यंत माघार पोचली नाही. 'काहींच्या रक्तातच असतं' असं म्हणणारे शिक्षक मला अजून भेटतात.

यंत्रावर बसल्यावरही लगेच लिहायचं नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजात असताना सू सेन्टन्स यांनी एक क्रम मांडला, तो मी जसाच्या तसा उचललाय. तयार प्रोग्रॅम वाचून आधी भाकीत कर. चालवून पाहा. भाकीत का चुकलं ते शोध. त्यात थोडा बदल कर. मग स्वतःचा लिही. आपण लहान मुलाला निबंधाआधी धडा वाचायला देतो, तसंच. प्रोग्रॅमिंग मात्र कित्येक वर्षं कोऱ्या पानापासून शिकवलं गेलं.

चौकट: पाच दिवस एका नजरेत
सोमवार: यंत्रं बंद. पत्ते, चुका पकडणारा जादा मजकूर.
मंगळवार: पाट्या, मग पायथन ही भाषा, आधी वाचून आणि नंतर लिहून.
बुधवार: पेपरांचे गठ्ठे. एकाच कामाच्या दोन पद्धती, आणि त्यांची किंमत.
गुरुवार: न पुसता येणारी पाटी. रांगेतला प्रश्न.
शुक्रवार: कोणत्याच यंत्राला न जमणारं काम.
सोबत आणायचं: वही, पेन्सिल, डबा. लॅपटॉप नको.

बुधवार: गठ्ठा लावायचा कसा?

हा माझा लाडका दिवस. ज्या बाईंनी परीक्षेनंतर उत्तरपत्रिका नंबरवार लावल्यात त्यांना यातलं सगळं आधीच माहीत आहे, फक्त नाव माहीत नाही.

चोवीस पेपर, उलटसुलट. पहिली पद्धत: सगळे चाळून सर्वांत लहान नंबर काढा, बाजूला ठेवा, उरलेले पुन्हा चाळा. पहिल्या खेपेला २३ तुलना, मग २२, मग २१. बेरीज २७६.

दुसरी पद्धत: गठ्ठा अर्धा करून दोघांना वाटा. त्यांनीही आपापला अर्धा करून पुढे वाटायचा, एकेक पेपर हातात येईपर्यंत. मग परतीचा प्रवास. दोन लावलेले गठ्ठे समोर ठेवले की त्यांचा एक करणं सोपं असतं, कारण फक्त दोन्हींच्या वरचे पेपर पाहायचे आणि त्यातला लहान उचलायचा. खाली काय आहे ते बघायचं कारणच नाही, ते मोठंच असणार. अशाने चोवीस पेपरांना जास्तीत जास्त ८९ तुलना लागतात.

मुलं इथे फारशी हलत नाहीत. २७६ आणि ८९, त्यात काय मोठंसं? वाटण्याच्या गडबडीत तर पहिली पद्धतच लवकर आटोपल्यासारखी वाटते. मग फळ्यावर पेपर वाढवत न्यायचे. हजार पेपर: पहिल्या पद्धतीला ४,९९,५००, दुसरीला नऊ हजारांच्या आत. दहा लाख पेपर: पहिलीला जवळपास ५० हजार कोटी, दुसरीला दोन कोटींहून कमी. सेकंदाला दहा कोटी तुलना करणारं यंत्र घेतलं, तर पहिली पद्धत सुमारे एक तास तेवीस मिनिटं चालेल आणि दुसरी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात संपेल. यंत्र तेच, गठ्ठाही तोच.

नाशिकच्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर इथे आहे. कॉम्प्युटर सायन्सचा जीव आज्ञा लिहिण्यात कमी आणि 'या पद्धतीची किंमत काय, आणि काम वाढलं की ती कशी वाढते' या प्रश्नात जास्त आहे. तो प्रश्न गणिताचा आहे. आज्ञा लिहायला विद्यापीठ शिकवील. किंमत मोजायची सवय मात्र घेऊनच या, असं त्याचं म्हणणं.

दुपारी त्याच तराजूत एक वाईट गणित टाकते. पोस्टमनला वीस घरी जायचंय, सर्वांत जवळचा रस्ता कोणता? सगळे क्रम तपासू म्हटलं तर सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणाऱ्या यंत्राला सत्त्याहत्तर वर्षं लागतील. आणखी एकच घर वाढवलं तर सोळाशे वर्षांच्या वर. इथे वर्ग हलतो. "म्हणजे मोठा कॉम्प्युटर घेऊनही उपयोग नाही?" दुप्पट वेगाचं यंत्र आणलं तरी एका जादा घराची भरपाई होत नाही. मग चांगला पण अगदी सर्वोत्तम नसलेला रस्ता पटकन कसा काढायचा, यावर माणसं आयुष्य घालवतात.

गुरुवार: शिलालेख

ऑक्सफर्ड आणि इम्पीरियलला पहिल्या वर्षी हास्केल ही भाषा शिकवतात, केंब्रिजला ओकॅमल. या भाषा शाळेत शिकलेलं पोर विरळाच, आणि तो एक फायदाच: पहिल्या आठवड्यात सगळेच सारखे अडखळतात. त्या भाषांची धाटणी वेगळी आहे. मंगळवारच्या पाटीवर पुसून लिहिता येत होतं. इथे पाटीऐवजी शिलालेख. अ म्हणजे दहा असं एकदा कोरलं की कोरलं.

मग मोजायचं कसं? मोजताना आपण तेच करत असतो, एक पुसून दोन लिहितो, दोन पुसून तीन.

चोवीस जणांना भिंतीशी एका रांगेत उभं करते. वळून बघायचं नाही, फक्त पुढच्याच्या खांद्यावर थाप मारून विचारायचं, "तुझ्यापुढे किती जण आहेत?" त्यालाही माहीत नसतं. तो त्याच्या पुढच्याला विचारतो. प्रश्न सरकत सरकत पहिल्या मुलीपर्यंत जातो. तिच्यापुढे भिंत. ती म्हणते, "शून्य." मागचा एक मिळवतो, "एक." त्याच्या मागचा, "दोन." शेवटच्याला तेवीस हे उत्तर मिळतं. कुणीही काही पुसलं नाही, कुणीही अख्खी रांग पाहिली नाही. याला रिकर्शन म्हणतात. आपला प्रश्न थोडा लहान करून आपल्यासारख्याच दुसऱ्याला विचारायचा, आणि कुठेतरी भिंत ठेवायची.

एका वर्षी पहिल्या मुलीला भिंतीची सूचना द्यायला विसरले. तिने बराच वेळ इकडे तिकडे पाहिलं आणि मग प्रामाणिकपणे भिंतीच्या खांद्यावर थाप मारली. भिंत नसलेल्या रिकर्शनचं काय होतं हे त्याहून चांगलं मला समजावता आलं नसतं, म्हणून आता मी मुद्दामच विसरते.

बुधवारचा गठ्ठाही असाच अर्धा होत होता, हे दुपारपर्यंत कुणाच्या तरी लक्षात येतं. मी सांगत नाही.

शुक्रवार: ज्योतिषी आणि आडमुठा

प्रोग्रॅम कधीकधी अडकतो, गोल गोल फिरत राहतो. मग असा एक प्रोग्रॅम लिहावा का, जो दुसरा कुठलाही प्रोग्रॅम वाचून आधीच सांगेल की हा थांबेल की अडकेल? वर्गाला ही कल्पना पटते. एक-दोघे तर तो लिहायलाही तयार होतात.

समजा, असा ज्योतिषी मिळाला. त्याचं भाकीत कधी चुकत नाही. आता मी एक आडमुठा प्रोग्रॅम लिहिते. तो ज्योतिष्याकडे जाऊन स्वतःचंच भविष्य विचारतो. ज्योतिषी म्हणाला, "तू थांबशील," की हा मुद्दाम फिरत राहतो. ज्योतिषी म्हणाला, "तू अडकशील," की हा तिथल्या तिथे थांबतो. ज्योतिष्याने काहीही सांगितलं तरी तो खोटा पडतो. म्हणजे कधीच न चुकणारा ज्योतिषी असू शकत नाही. आजचे कॉम्प्युटर तोकडे आहेत म्हणून नव्हे. कितीही मोठा आणला तरी नाही.

या युक्तिवादाचं मूळ ॲलन ट्युरिंगच्या १९३६ सालच्या निबंधात आहे. तेव्हा तो केंब्रिजला होता, तेवीस वर्षांचा, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांहून पाच-सहा वर्षांनी मोठा. आणि आज ज्याला आपण कॉम्प्युटर म्हणतो ते यंत्र तेव्हा कुठेच नव्हतं. यंत्र जन्माला यायच्या आधी त्याला काय जमणार नाही ते सिद्ध झालं होतं.

मागच्या जुलैत एक मुलगा हे मानायला तयार नव्हता. आठव्या वर्षापासूनवालाच. "मिस, ज्योतिष्याला शिकवायचं की आडमुठा आला तर ओळख आणि उत्तर देऊ नकोस."

"मग तो सगळ्यांचं भविष्य सांगणारा राहिला का?" नाशिककरांची मुलगी मागच्या बाकावरून म्हणाली. शाळा संपली होती तिची, हट्टाने आली होती.

"बरं, मग आडमुठ्यांसाठी दुसरा ज्योतिषी."

"मग दोघांना मिळून एकच धर. आणि त्याला विचारणारा नवा आडमुठा लिही."

तो गप्प झाला, पटलं म्हणून नव्हे. वर्ग सुटला, पाट्या पुसून खोक्यात भरल्या. मी बाहेर आले तेव्हा बस यायला दहा मिनिटं होती आणि तो थांब्यावर वही गुडघ्यावर ठेवून बाण काढत बसला होता, तिसऱ्या ज्योतिष्याचे.